कोकणातल्या पावसासाठी आणि वाडीच्या रस्त्यासाठी गाडी कशी निवडावी

कोकणात गाडी घ्यायची म्हटले की बोलणे मुंबई-गोवा महामार्गावरच्या वेगाचे, अ‍ॅव्हरेजचे आणि आतल्या टचस्क्रीनचे होते. प्रत्यक्षात महामार्गावर आज बाजारात असलेली कोणतीही गाडी चालते. परीक्षा सुरू होते ती फाटा सोडल्यावर. गावापर्यंतचा खड्ड्यांचा डांबरी रस्ता, तिथून वाडीपर्यंतची तांबड्या मातीची वाट, मध्ये वहाळावरची मोरी (ओढ्यावरचा छोटा पूल) आणि शेवटी घराकडे उतरणारा, शेवाळ धरलेला सिमेंटचा तुकडा हे सगळे गाडीला पावसाळ्यात रोज पार करायचे असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात किनाऱ्यालगत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीहून अधिक, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणून गाडी आपल्या वाटेवरच्या सर्वांत वाईट किलोमीटरसाठी निवडावी, असे माझे ठाम मत आहे. वर्षातले आठ महिने आरामात जातील की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी रस्ता मोजावा

शोरूममध्ये जाण्यापूर्वी आपल्याच वाटेने एकदा पायी जावे, आणि तेही जुलै-ऑगस्टमध्ये, कारण मे महिन्यात तीच वाट अगदी निरुपद्रवी दिसते. हातात मोजपट्टी आणि एक सरळ काठी असावी. कच्च्या वाटेवर चाकांनी दोन चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध गवताचा उंचवटा राहतो. पावसात चाकोऱ्यांतली माती वाहून जाते, मधला भाग मात्र तसाच राहतो आणि त्यात जांभ्याचे दगड डोके वर काढून बसलेले असतात. काठी या उंचवट्यावर आडवी धरावी आणि तिच्यापासून चाकोरीच्या तळापर्यंतचे अंतर मोजावे. हा आकडा १५ सेंटिमीटरच्या जवळ गेला, तर बाजारातल्या अर्ध्याहून अधिक लहान गाड्या आपल्या यादीतून तिथेच बाद होतात.

मोरी जिथे रस्त्याहून उंच आहे तो उठाव, सिमेंटचा रस्ता संपून माती सुरू होते तिथली धारदार कड, आणि फाटकातून आत वळताना लागणारा उंबरा याच पद्धतीने पाहावा. दोन्ही बाजूंना गडगे (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या भिंती) असतील तर सर्वांत अरुंद ठिकाणची रुंदी मोजावी. चढ किती उभा आहे यापेक्षा त्या चढावर मध्येच थांबावे लागते का, याची नोंद अधिक महत्त्वाची असते. समोरून गाडी आली, गुरे आडवी आली किंवा वळण एका दमात बसले नाही, तर ओल्या चढावर थांबून पुन्हा निघावे लागते, आणि गाडीचा कस लागतो तो त्या क्षणी. वहाळाचे पाणी मोठ्या सरीनंतर मोरीवरून जात असेल, तर ते गुडघ्याच्या कुठपर्यंत येते हे गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे.

जमिनीपासूनची उंची

कंपनीच्या पत्रकात ग्राउंड क्लिअरन्सचा जो आकडा छापलेला असतो, तो बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. मारुती स्विफ्टची ही उंची १६३ मिलिमीटर, वॅगनआरची १६५, ऑल्टो के१० ची १६७ आणि एस-प्रेसोची १८० आहे. टाटा पंच १८७ वर, निस्सान मॅग्नाइट २०५ वर आणि टाटा नेक्सॉन २०८ वर आहे. मारुती जिम्नीची उंची २१० आणि महिंद्रा थारची २२६ मिलिमीटर आहे. कागदावर फरक काही सेंटिमीटरांचाच दिसतो, पण चाकोऱ्यांच्या वाटेवर तेवढ्याच फरकाने गाडी निघते किंवा घासते.

गणपतीला मुंबईहून निघालेल्या गाडीत पाच माणसे, पिशव्या, मखराचे सामान आणि मागे पुन्हा एखादी गोणी असते, आणि अशी भरलेली लहान गाडी तीन-चार सेंटिमीटर सहज खाली बसते. हे अंदाजावर सोडू नये. टेस्ट ड्राइव्हला घरची माणसे बरोबर न्यावीत. गाडी सपाटीवर रिकामी उभी असताना जमिनीपासून चाकाच्या कमानीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर पुढे आणि मागे मोजावे, मग सगळ्यांना आत बसवून पुन्हा मोजावे. जो फरक येईल तो पत्रकातल्या आकड्यातून वजा केला की आपल्या कामाचा आकडा हाती येतो. विक्रेत्याला हे विचित्र वाटेल, तरी संकोच करू नये.

इथे महिंद्रा बोलेरोचे उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. तिचा छापील आकडा १८० मिलिमीटर, म्हणजे एस-प्रेसोइतकाच, आणि तरीही वडापापासून (माणसे भरून नेणाऱ्या खासगी वाहतुकीपासून) सरकारी कामापर्यंत डोंगरी वाटांवर हीच गाडी वर्षानुवर्षे दिसत आली आहे. तिचा मागचा आस एकसंध असून तो पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला आहे; माणसे कितीही भरली तरी आसाची जमिनीपासूनची उंची बदलत नाही, वर बसलेली बॉडी तेवढी खाली येते. शिवाय ती शिडीसारख्या चासीवर बांधलेली असल्यामुळे एखादा दगड लागला तरी तो लोखंडाला लागतो. याउलट बहुतेक लहान गाड्यांत खाली पाहिले तर पुढच्या बंपरच्या तळाचे प्लास्टिक, त्याच्या मागे इंजिन ऑइलचे चेंबर आणि त्याही मागे सायलेन्सरचा पाइप ओळीने लटकलेले दिसतात. चेंबर फुटले की ऑइल गळते, आणि ते लक्षात न येता गाडी पुढे चालवली तर इंजिनच जाते. म्हणून शोरूममध्येच गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी आणि चेंबरखाली लोखंडी गार्ड कंपनीकडूनच बसवून मिळतो का, हे विचारावे.

पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जितके जास्त, तितकी मोरीच्या उठावावर गाडीच्या पोटाला जमीन लागण्याची शक्यता जास्त. लांबलचक सेडान आणि सात आसनी गाड्या इथे मार खातात. पुढचा बंपर चाकाच्या फार पुढे आलेला असेल, तर चढ सुरू होताच तो आपटतो.

इंजिन, गिअर आणि चढ

घाटात आणि वाडीच्या चढावर इंजिनाची एकूण ताकद फारशी उपयोगी पडत नाही. कमी फेऱ्यांवर किती ओढ मिळते, ती उपयोगी पडते. बोलेरोच्या दीड लिटर डिझेल इंजिनाची ताकद केवळ ७५ अश्वशक्तीच्या आसपास आहे, पण २१० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढ, तिला मिनिटाला १६०० फेऱ्यांपासूनच मिळतो. पंचच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची ताकद कागदावर तिच्याहून जास्त आहे, पण टॉर्क ११५ न्यूटन मीटर आणि तोही ३००० फेऱ्यांच्या पुढे. भरलेली गाडी ओल्या चढावर थांबवून पुन्हा उचलताना हा फरक पायाला जाणवतो. पेट्रोल गाडीत अशा वेळी फेऱ्या वाढवून हाफ क्लच धरावा लागतो, आणि रोज असे करावे लागले तर क्लच प्लेट लवकर जळते.

याचा अर्थ प्रत्येकाने डिझेलच घ्यावे असा नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाची प्रदूषणाची मानके लागू झाली, तेव्हापासून डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ हा भाग आला. त्यात साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग काही वेळ पळावी लागते. ज्यांची गाडी वाडीतून बाजारपेठ आणि बाजारपेठेतून वाडी एवढीच, तीही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरते, त्यांच्याकडे हा भाग तुंबतो आणि खर्चात पाडतो. अशांनी हलकी पेट्रोल गाडी घेणे अधिक शहाणपणाचे आहे. आठवड्यातून एकदा तरी रत्नागिरी, कणकवली किंवा घाट चढून कोल्हापूर गाठणाऱ्यांना डिझेल परवडते. सीएनजीचे अ‍ॅव्हरेज मोह पाडते, पण टाकीने डिकी व्यापलेली आणि मागचे वजन वाढलेले असते, त्यामुळे वाईट वाट असलेल्या घरासाठी मी तो पर्याय सुचवत नाही.

एएमटी प्रकारची स्वस्त ऑटोमॅटिक गाडी चढावर आधी पारखून घ्यावी. तिच्यात क्लच असतोच, फक्त तो यंत्र दाबते, आणि उभ्या चढावर ब्रेकवरून पाय काढल्यापासून गाडी पुढे ओढू लागेपर्यंत ती मागे येऊ शकते. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक काही क्षण आपोआप धरून ठेवण्याची सोय, असेल तरच अशी गाडी घ्यावी, आणि हॅंडब्रेक लावून निघण्याचा सराव तरीही ठेवावा. उतारावर गिअर हाताने खाली ठेवण्याची सोय असणे तितकेच आवश्यक आहे. आंबा, कुंभार्ली, फोंडा किंवा भुईबावडा घाट केवळ ब्रेकवर उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तापून पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजच्या गाड्यांनाही तितकाच लागू आहे.

फोर बाय फोर कोणाला लागते

चढावर गाडीचे वजन मागच्या चाकांवर सरकते. बहुतेक लहान गाड्यांत इंजिन पुढची चाके फिरवते, त्यामुळे नेमकी ओढणारी चाके हलकी होतात आणि शेवाळावर जागच्या जागी फिरू लागतात. मागची चाके ओढणारी गाडी भरलेली असताना चढाला चांगली धरते, पण रिकामी असताना चिखलात तिचेही मागचे चाक फिरत राहते. महिंद्राने बोलेरो निओच्या एन१० ऑप्शन मॉडेलमध्ये मागच्या आसाला डिफरन्शियल लॉक दिले, ते याच अडचणीवर: एक चाक मोकळे फिरू लागले की दोन्ही चाके एकत्र बांधली जातात आणि पकड असलेल्या चाकाला ओढ मिळते.

ज्यांच्या घरापर्यंत सिमेंट किंवा डांबर पोहोचले आहे, भले ते फुटलेले असो, त्यांना फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाके ओढणाऱ्या गाडीची, गरज नाही. तो पैसा चांगल्या टायरांत आणि सुरक्षिततेत घालावा. गरज आहे ती मातीचा उभा चढ रोज पार करणाऱ्यांना, काजूच्या किंवा आंब्याच्या बागेत पावसात आत जावे लागणाऱ्यांना, आणि ज्यांच्या घरात आजारी माणूस असून कोणत्याही रात्री बाहेर पडावे लागते त्यांना. अशांनी लो गिअर, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणारा जादा गिअर, असलेली यंत्रणाच पाहावी. जिम्नी आणि थारच्या फोर बाय फोर मॉडेलांत तो आहे, आणि त्याच्या जोरावर गाडी क्लच न जाळता माणसाच्या चालीने चढ चढते व उतरते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी की उतारावर थांबताना फोर बाय फोर काहीही मदत करत नाही, तिथे टायर आणि ब्रेक एवढेच आपले असतात.

टायर

माझ्या मते सगळ्या निवडीत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. टाटा पंचच्या खालच्या मॉडेलांना १८५/७० आर १५ आणि वरच्या मॉडेलांना १९५/६० आर १६ असे टायर येत आले आहेत. दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळजवळ सारखा, ६४० मिलिमीटर. परंतु पहिल्यात रिम आणि जमीन यांच्यामध्ये सुमारे १३० मिलिमीटर रबर आहे आणि दुसऱ्यात ११७. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळते तेव्हा हे १३ मिलिमीटर रिम वाचवतात. शिवाय खालच्या मॉडेलची लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय रिम मात्र तडकते, आणि तडकलेली रिम सावंतवाडीत किंवा चिपळूणमध्ये त्याच दिवशी मिळेलच असे नाही. वरचे मॉडेल इतर सोयींसाठी हवे असेल, तर लहान रिम आणि जाड टायर बसवून मिळतात का हे विचारावे. बोलेरोचा २१५/७५ आर १५ आणि जिम्नीचा १९५/८० आर १५ टायर याच कारणाने खडीवर निर्धास्त वाटतात.

कायद्याने टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. पावसाळ्यासाठी ती मर्यादा पुरेशी नाही. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मेअखेरीस बदलून घ्यावा, कारण नक्षी उथळ झाली की पाणी बाहेर फेकले जात नाही आणि चाक पाण्यावरच तरंगू लागते. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नव्या गाडीच्या पाचही चाकांवर हा आकडा पाहावा. स्टेपनी पूर्ण मापाची असावी. काही गाड्यांत बारीक, तात्पुरती स्टेपनी येते किंवा स्टेपनीच्या जागी केवळ पंक्चर बुजवण्याचे साहित्य मिळते. फाटलेल्या टायरला दोन्हींपैकी काहीच वाडीपर्यंत नेत नाही.

पाणी, धुके आणि गंज

टाटाने पंचसाठी ३७० मिलिमीटर आणि महिंद्राने थारसाठी ६५० मिलिमीटर खोलीपर्यंत पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितली आहे. हे आकडे साचलेल्या पाण्यासाठी समजावेत. मोरीवरून वेगाने वाहणारे पाणी याहून बरेच उथळ असतानाही गाडी बाजूला ढकलते, म्हणून तिथे थांबणे हाच मार्ग. इंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा चालू करू नये. आत ओढलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. अशा नुकसानीचे पैसे साध्या विम्यात सहसा मिळत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची वेगळी जोड विमा काढतानाच घ्यावी लागते.

धुक्यासाठी मागचा वायपर, मागच्या काचेचा डीफॉगर (काचेवरची वाफ घालवणारी सोय) आणि फॉग लॅम्प यांची सोय असलेलेच मॉडेल घ्यावे. आंबोलीत किंवा गगनबावड्यात ऑगस्टच्या सकाळी काच आतून वाफ धरते, आणि एसी चालू ठेवून वारा काचेवर सोडल्याशिवाय ती साफ होत नाही, म्हणून एसी ही इथे चैनीची गोष्ट नाही. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी गाडीच्या तळाला गंजरोधक लेप पहिल्या पावसाआधीच द्यावा. मात्र दाराच्या खालची पाणी निघून जाण्याची छिद्रे त्या लेपाने बुजणार नाहीत, हे स्वतः उभे राहून पाहावे.

मग गाडी कोणती

घर डांबरी रस्त्यावर असून अंतर्गत रस्ता अरुंद असेल आणि माणसे दोन-तीनच असतील, तर एस-प्रेसोसारखी हलकी, उंच आणि लहान वळणात बसणारी गाडी पुरते. ती चिखलात अडकली तरी चार माणसे ढकलून काढतात. कुटुंब मोठे, रस्ता फुटलेला आणि अधूनमधून मुंबईचा प्रवास असेल, तर पंच, मॅग्नाइट किंवा नेक्सॉन या वर्गात पाहावे. नेक्सॉनची रुंदी १८०० मिलिमीटरच्या पुढे आहे, त्यामुळे गडग्यांमधली मोजलेली रुंदी इथे पुन्हा ताडून घ्यावी. गोणी, फळांच्या पेट्या आणि माणसे एकत्र वाहायची असतील तर बोलेरो घ्यावी. तिची मऊ बसण्याची अपेक्षा करू नये आणि सुरक्षिततेची साधने मोजकी आहेत हेही मान्य करून घ्यावी. मातीचा उभा चढ असेल तर जिम्नी माझी पहिली पसंती आहे, कारण १६४५ मिलिमीटर रुंदीमुळे ती थार जिथे अडते अशा पाणंदीतून जाते. तिच्यात चारच माणसे बसतात आणि डिकी लहान आहे, हे मात्र घरात आधी बोलून घ्यावे.

यादीत दोन गाड्या उरल्या आणि निर्णय होत नसेल, तर जिचे सर्व्हिस सेंटर आपल्या तालुक्यात आहे आणि जिचे सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड, ब्रेक लायनर गावातल्या मेस्त्रीला ओळखीचे आहेत, ती घ्यावी. पावसाळ्यात घाटात दरड आली की सुटा भाग यायला किती दिवस लागतील याचा नेम नसतो.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या रस्त्यावर घेऊन समाधान मानू नये. गाडी भरून, पाऊस पडत असताना, एखाद्या ओळखीच्या चढावर ती मध्येच पूर्ण थांबवून पुन्हा उचलून पाहावी, मग तोच चढ रिव्हर्समध्ये उतरावा. मागे पाहताना काचेतून खरोखर किती दिसते ते तेव्हा कळते, कारण चिखल उडाल्यावर मागचा कॅमेरा निकामी होतो. एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) धक्का पायाला कसा लागतो, हेही रिकाम्या ओल्या रस्त्यावर एकदा अनुभवून ठेवावे. धक्का लागताच पाय उचलणारे चालक अनेक आहेत, आणि तेव्हा पाय दाबूनच धरायचा असतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तपासणी खालून सुरू करावी. चासीवर ताजा काळा रंग दिसला तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. गंजलेल्या जागी आवाज बद्द येतो. पायाखालचा गालिचा उचलून सीटच्या रुळांवर गंज आहे का पाहावे, आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या आतल्या टोकाला चिखलाचा डाग आहे का तपासावे, कारण पुरात बुडालेली गाडी धुऊन पुसून विकायला येते तेव्हा ते टोक धुवायचे राहून जाते. फोर बाय फोर गाडी असेल तर लिव्हर फोर लोमध्ये (चारही चाके आणि लो गिअर) टाकून ती मातीवर किंवा खडीवर प्रत्यक्ष चालवावी. वर्षानुवर्षे न वापरलेला हा लिव्हर अडकून बसलेला असतो आणि तो दुरुस्त करायचा खर्च मोठा येतो, म्हणून तो न हलल्यास किंमत ठरवण्याआधीच मेस्त्रीकडून अंदाज घ्यावा.